आबांच्या वहीतली रेघ

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

अखाजीला तुम्ही गावी आलात आणि दोन दुपारी आमच्या ओसरीवर बसून मला आलेख काढायला शिकवलंत. बाहेर झोके चालले होते, तुमची आई दोनदा बोलवायला आली, तरी तुम्ही उठला नाहीत. तेव्हा गडबडीत आभार राहिले. आता उघड पत्रच लिहितेय, कारण अमळनेर तालुक्यात आमच्यासारखी वही बऱ्याच घरांत असेल.

आबा २०१२पासून दर सोमवारी विहीर मोजतात. दोरीला दगड बांधून सोडायचा, काठापासून पाणी किती फूट खाली ते वहीत लिहायचं. वही मी एक्सेलमध्ये उतरवली होती, पण पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. तुम्ही पायथॉन ही संगणकाची भाषा उघडलीत. त्यातलं आलेख काढायचं साधन, मॅटप्लॉटलिब, जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले संकेत पाहण्यासाठी लिहायला घेतलं आणि २००३मध्ये सगळ्यांना फुकट दिलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला फार बरं वाटलं.

पहिल्याच चित्रात विहीर मे महिन्यात चढलेली. पायथॉनमधलं तक्ते वाचायचं साधन, पांडास, त्यानं ५/८ म्हणजे ५ ऑगस्टऐवजी ८ मे धरला होता. 'दिवस आधी' एवढं सांगितल्यावर तारखा जागेवर आल्या.

मग आबा चष्मा लावून आले आणि म्हणाले, "पानी त खाले गयं, मंग रेघ वर कशी गई?" खोली वाढली की आकडा वाढतो, म्हणून रेघही वर चढत होती. तुम्ही हसला नाहीत. "आबा, तुमचं बरोबर आहे," म्हणालात आणि एका ओळीत उभा अक्ष उलटा केलात. त्या क्षणापासून आबांना ती त्यांची विहीर वाटायला लागली. २०१८च्या पावसाळ्यानंतर पाणी वर आलंच नाही, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

सगळ्यात मोठी चूक माझी होती. २०१६ला आबा दवाखान्यात होते, त्या आठवड्यांच्या मोकळ्या रकान्यांत मी शून्य भरलं होतं. शून्य फूट म्हणजे विहीर काठोकाठ! भर उन्हाळ्यात रेघ काठाला टेकलेली. तुम्ही शून्यं काढून रकाने रिकामे केलेत, तशी रेघ तिथं तुटली. ती जोडून टाका म्हणून मी हट्ट धरला, तुम्ही ऐकलं नाहीत. न मोजलेलं पाणी आपण काढायचं नाही, म्हणालात. हे मला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

शीर्षकाचा घोळ तर संध्याकाळपर्यंत चालला. आधी नुसते चौकोन उमटले. देवनागरी फॉन्ट दिला, तर 'विहीर'मधली पहिली वेलांटी 'व'च्या पलीकडे जाऊन बसली. शेवटी वेलांटी चुकणार नाही असं नाव शोधायला तुम्ही मलाच सांगितलंत. 'आबांचं पाणी' हे नाव तसं सुचलं.

आलेख छापून मोटारीच्या खोलीत लावलाय. मोजायच्या आधी मोटार चालू होती का, हेही आबा आता वहीत लिहितात. आणि एखादा सोमवार चुकला, तर तिथं आडवी रेघ मारून ठेवतात.

तुमची,
आबांची मुलगी