फौजीच्या घरच्यांना पैशाचं कुणी समजावून सांगा

संपादक साहेब, नमस्कार. माझे मिस्टर सैन्यातून रिटायर झाले तेव्हा ग्रॅच्युइटी, फंड, विकलेल्या पेन्शनचे (म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी घेतलेले) पैसे सगळं एकदम खात्यात आलं आणि आठच दिवसांत दारात एजंट हजर, दीड वर्षात डबल म्हणे! त्या विकलेल्या भागापोटी पेन्शनमधून १५ वर्षं हप्ता कापला जाणार हे मला तर पहिली पेन्शन आली तेव्हा कळलं. कागदं काढली तर फंडाला नॉमिनी अजून सासूबाईच, त्या जाऊन किती वर्षं झाली.

आता अग्निवीरांचं बघा. २०२२ ला योजना आली, चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या पोराच्या सेवानिधीचे जवळपास ११.७१ लाख हातात, पेन्शन नाही. यातला निम्मा पैसा पोराच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापून जमलेला असतो हो, आणि पंचविशीतल्या पोराने तो गाडीत नाहीतर एजंटकडे घातला तर?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने मोहोळ, माढा, सांगोल्यात जाऊन मराठीत शिबिरं घ्यावीत, आणि बायकांना, आयांना आवर्जून बोलवावं, कारण जवान बॉर्डरवर असतो, एजंट घरी आमच्यापुढे बसतो.

- माजी सैनिकाची पत्नी, जुळे सोलापूर