ऑनलाइन दुकान फोडणे हा गुन्हा नाही काय?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात आमची हापूसची बाग असून, दलालाकडे पेट्या न पाठवता स्वतःच्या संकेतस्थळावरून मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट आंबा विकण्याचा व्यवसाय आम्ही करतो. गेल्या आठवड्यात पोलिसांचे पत्र आले. अर्जदाराचे थेट आर्थिक नुकसान दिसून येत नसल्याने संकेतस्थळ फोडले गेल्याबद्दलचा आमचा अर्ज निकाली काढण्यात आल्याचे त्यात कळवले आहे. ते वाचल्यावर गप्प बसणे अशक्य झाले.

अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर, ऐन मागणीच्या दिवसांत, कोणीतरी आमच्या संकेतस्थळाच्या अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये, म्हणजे मालकानेच बदल करायच्या भागात, शिरले आणि पैसे भरण्याच्या पानावरचा आमचा क्यूआर कोड काढून तेथे स्वतःचा बसवला. बाकी कशालाही हात लावला नाही. नाव आमचे, छायाचित्रे आमच्या बागेची, दरही आमचेच. ग्राहकांनी विश्वासाने भरलेले पैसे भलत्याच खात्यात गेले आणि पेटी न मिळाल्यावर लबाड ठरलो आम्ही. फसलेल्या ग्राहकांना आम्ही पदरमोड करून आंबा पाठवला. तरीही बोभाटा झालाच, नव्या मागण्या थांबल्या, आणि आढीत पिकत चाललेला आंबा किलोच्या भावाने कॅनिंगला घालावा लागला. वर्षभराच्या फवारण्या, खते, राखणदारांची मजुरी हे सारे ज्या दोन महिन्यांवर अवलंबून असते, ते दोन महिने आमच्या हातून गेले. याला नुकसान म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर व्यवहार क्रमांक मागतात, तो ग्राहकांकडे. ग्राहक निरनिराळ्या जिल्ह्यांतले, त्यामुळे प्रत्येकाची तक्रार वेगळी आणि या सर्वांमागे एकच चोर आहे हे कोणत्याही एका टेबलावर दिसत नाही. आमच्या तंत्रज्ञाने काढून दिलेले लॉग, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) कधी कोण शिरले याची नोंद, घेऊन पोलिसांकडे गेलो, तेव्हा यात पैसे कुठे दिसतात, असे विचारण्यात आले.

महोदय, कायदा असे विचारत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ आणि ६६ एकत्र वाचली, तर अप्रामाणिक हेतूने विनापरवानगी संगणक यंत्रणेत शिरणे हाच गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात, आणि कलम ७७ब नुसार तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवून तपास करायचा आहे. तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा, असे कलम ७८ सांगते. निरीक्षक बंदोबस्तात अडकलेले असतील, तर तो प्रश्न शासनाने सोडवायचा आहे.

आमच्याकडून अपेक्षा करताना मात्र कोणीही मागे नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीसाठी २५० कोटींपर्यंत दंड आहे. आम्ही सहा तासांत कळवायचे. शासनाने किती तासांत धावून यायचे, याचा आकडा कोठे आहे? २०२४ या एका वर्षात देशातील लोकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. आपल्या राज्याने सायबर सुरक्षेसाठी ८३७ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. त्यातून लॉग वाचू शकणारा एक माणूस आमच्यासारख्या तालुक्यापर्यंत का पोहोचू नये?

ऑनलाइन व्हा, थेट विका, हे आम्हाला शासनाच्याच मेळाव्यांतून सांगण्यात आले. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा नावाचे संरक्षण होईल असे वाटले होते. आमच्याच नावाने आमच्याच दुकानात दुसरा गल्ला मांडला गेला, तेव्हा संरक्षणाला कोणी आले नाही. पोलीस हा राज्याचा विषय आहे, म्हणून दिल्लीकडे बोट दाखवून हे प्रकरण संपणार नाही.

दुकान फोडले गेल्याची फिर्याद दुकानदाराच्याच नावे नोंदवावी, आणि फसलेल्या सर्व ग्राहकांचे व्यवहार त्याच एका गुन्ह्यात जोडावेत, असे स्पष्ट लेखी आदेश आपण प्रत्येक पोलीस ठाण्याला द्यावेत. आमचा निकाली काढलेला अर्जही पुन्हा उघडावा. आमचे लॉग आम्ही जपले आहेत, परंतु तो आयपी पत्ता त्या वेळी कोणाकडे होता हे ज्या कंपन्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडे ते पोलिसांनीच मागायचे असते. लॉग जपण्याची १८० दिवसांची मुदत संपत आली आहे.

आपला,
एक आंबा बागायतदार
रत्नागिरी जिल्हा