उरलेले पाच दिवस

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू तीनदा म्हणालीस, "बाबा, मी मस्त आहे." तिसऱ्यांदा म्हणताना तुझा आवाज घशातच अडकला आणि रेंज नाही म्हणून तू फोन ठेवलास. रात्री तुझा फोटो आला. भिंतीशी ठेवलेले स्कीचे बूट, सगळी बकलं उघडी, आतलं अस्तर वाळायला बाहेर काढलेलं आणि फरशीवर वितळलेल्या बर्फाचं पाणी. फोटोखाली एक शब्दही नव्हता. तेव्हापासून हे पत्र माझ्या मनात चाललंय. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

सात दिवसांच्या सुट्टीतल्या दुसऱ्याच दुपारी तू पडलीस. या सुट्टीसाठी तू किती महिने पैसे बाजूला टाकत होतीस आणि रोज संध्याकाळी भिंतीला पाठ टेकवून मांड्या थरथरेपर्यंत कशी बसायचीस, ते मी पाहिलंय. उरलेले पाच दिवस गेले. त्याचं वाईट वाटणारच, वाटू दे. लोकांची याहून मोठी दुखणी असतात, असं तू म्हणालीस. असतात, पण त्याने तुझं दुखणं कमी होत नाही.

तू स्वतःला दोष देते आहेस, तेही माझ्या लक्षात आलं. "बाइंडिंग सुटलंच नाही, मीच नीट बसवून घेतलं नसेल." बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सुटावी अशी पकड. तुझं पडणं तू जसं सांगितलंस तसं मी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणलं. वेग फारसा नव्हता, तोल मागे गेला, बूड गुडघ्यांच्या खाली आलं, उताराकडच्या स्कीची शेपटी आतल्या कडेवर बर्फात रुतली आणि गुडघा आत पिळला गेला. स्कीइंगमध्ये गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, फाटण्याची ही ठरलेली तऱ्हा आहे. बाइंडिंग मुळात नडगीचं हाड वाचवायला बनलं. पुढे जोरात फेकलं गेलं की टाच सुटते, पाय सरळ पिळला की पुढचा भाग सुटतो. मागे बसून पडताना स्कीची शेपटी तरफेसारखी काम करते, आणि हा पीळ पुष्कळदा बाइंडिंगला कळतच नाही. बाइंडिंग अगदी बरोबर बसवलेलं असतानाही असं होतं. तेव्हा तो हिशेब आता बंद कर.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. मी जिना एक एक पायरी करत उतरतो, ते तू लहानपणापासून पाहत आलीस. तुला वाटतं ते वय आहे. ते वय नाही.

तू तीन वर्षांची असताना मीही अशाच एका सुट्टीवर गेलो होतो. आदल्या वर्षी, 1998 साली, जपानमधल्या नागानोचं हिवाळी ऑलिंपिक झालं होतं. डाउनहिल या स्कीइंगच्या शर्यतीत ऑस्ट्रियाचा हर्मन मायर हवेत भिरकावला गेला, सुरक्षेच्या जाळ्या तोडत पलीकडे जाऊन पडला, आणि तीनच दिवसांनी त्याने सुपर-जी या दुसऱ्या शर्यतीचं सुवर्णपदक घेतलं. त्यानंतर जायंट स्लॅलमचंही. आम्हा सगळ्यांच्या तोंडी तेव्हा तीच गोष्ट होती. मी तिसऱ्या दिवशी पडलो. गुडघ्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं, पण मी उठलो, हसलो आणि खाली आलो. रात्री बाथरूमचं दार लावून टबच्या कडेवर बसलो आणि क्रेप बँडेज गुंडाळलं. गुडघ्याची वाटी दिसत नव्हती इतकी सूज होती. बाहेर मित्र उद्याचे उतार ठरवत होते आणि मी आतून ओरडून सांगत होतो, "मीही येतोय!"

दुसऱ्या दिवशी गेलो. दुपारी मधल्या उतारावर गुडघा अडकला. सरळ होईना, वाकेना. मित्रांनी माझ्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवल्या, येणाऱ्यांना दिसावं म्हणून, आणि स्लेज येईपर्यंत मी तिथे पडून राहिलो. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली कुर्चेची गादी. माझी आधी थोडी फाटली असणार. त्यावर मी आणखी एक दिवस घातला, आणि शेवटी तिचा मोठा तुकडा काढून टाकावा लागला. पहिल्याच रात्री दार उघडून "मला दुखतंय" म्हणालो असतो, तर काय झालं असतं हे कुणी खात्रीने सांगू शकणार नाही. पण ते दार मी उघडलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मायरची पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली. ऑगस्ट 2001 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याचा पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ आली होती. 2002 चं ऑलिंपिक हुकलं. तो शर्यतीत परतला जानेवारी 2003 मध्ये, म्हणजे जवळजवळ 17 महिन्यांनी, आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रियातल्या किट्झब्युलला शर्यत जिंकला. तीन दिवसांत उठणारा आणि 17 महिने थांबणारा माणूस एकच. मी त्यातला अर्धाच माणूस डोक्यात घेऊन उताराला गेलो होतो.

म्हणून तुझं ते "मी मस्त आहे" मला ऐकवत नाही. त्या बंद दाराआड मी बसलेलो आहे.

आज संध्याकाळी मैत्रिणी परत आल्या की त्यांना सांग. काय सांगायचं ते मोठं काही नाही. "सकाळी तुम्ही निघता आणि खोली एकदम शांत होते, तेव्हा मला फार वाईट वाटतं." एवढंच. एक दिवस दुपारी कुणीतरी लवकर यावं, असं मागून घे. त्यांनी स्कीइंग सोडून तुझ्यापाशी बसावं असं मी म्हणत नाही, आणि तूही म्हणू नकोस. पण त्यांना कळलंच नाही तर त्या काय करणार? आणि रात्रीच्या त्यांच्या गप्पा, कोणता उतार, किती बर्फ, तुला ऐकवेनाशा झाल्या तर "मी जरा आडवी होते" म्हणून ऊठ. हेवा वाटला म्हणून तू वाईट ठरत नाहीस.

गुडघ्याचं आता. एक्स-रेत हाड शाबूत आहे ही चांगली बातमी, पण लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. पडताना "टक्" असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म झाला, असं तू म्हणालीस. त्यावरून डॉक्टरांना एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या मधल्या लिगामेंटची, शंका आहे, आणि ती रास्त आहे. एमआरआय होईपर्यंत मोबाइलवर शोधत बसू नकोस. नुसतं एमसीएल, म्हणजे आतल्या बाजूचं लिगामेंट, असेल तर ते बहुतेक वेळा ब्रेस म्हणजे आधाराचा पट्टा लावून, ऑपरेशनशिवाय जुळतं. एसीएल असलं तरी लगेच ऑपरेशन टेबलावर जायचं नसतं. आधी सूज उतरू देतात, गुडघा पूर्ण सरळ होऊ देतात, मांडीत ताकद येऊ देतात, आणि मग ठरवतात. काही जण ऑपरेशन न करताही चांगले चालते-फिरते होतात. केलंच तर खेळात परतायला निदान नऊ महिने धरायचे. हा आकडा ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल, माहीत आहे. पण आज तुला त्यातलं काहीच ठरवायचं नाही.

आज करायचं ते थोडकं आहे. उशी गुडघ्याखाली घेऊ नकोस, टाचेखाली घे. गुडघ्याखाली बरं वाटतं, पण तो वाकलेलाच राहायला शिकतो आणि मग सरळ करताना जीव जातो. बर्फ कापडातून, पंधरा-वीस मिनिटं. आणि मांडी आवळायचा व्यायाम. गुडघ्यात सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो. तू हुकूम सोडतेस आणि तो हलतच नाही. घाबरू नकोस. तळहात मांडीवर ठेव, पाच सेकंद आवळ, सोड. पहिल्या दिवशी मला बोटांखाली काहीच जाणवलं नव्हतं. चौथ्या दिवशी एक बारीकशी थरथर लागली, आणि मी फिजिओसमोर लहान मुलासारखा रडलो.

विमानाचं मात्र मनावर घे. दुखावलेला पाय आणि तासन्‌तास बसणं, यात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. निघण्याआधी डॉक्टरांना हे स्पष्ट विचार. प्रवासात घोटे हलवत राहा. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली तर "बघू सकाळी" नाही, त्याच क्षणी सांगायचं. विमान कंपनीला व्हीलचेअर आणि पाय लांब करता येईल अशी जागा आजच मागून ठेव. विम्याच्या मदत क्रमांकावर खर्चाच्या आधी फोन कर. डॉक्टरांचा लेखी अहवाल, एक्स-रे, सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेव. लिफ्टच्या पासाचे उरलेले दिवस परत मिळतात का तेही विचार. पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांच्या दाखल्यावर मिळतात.

जिन्यावर कुबड्या घेऊन चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. हे मी आता झोपेतही सांगू शकेन.

तुझ्या आईने तुझी गादी खालच्या खोलीत आणलीय, म्हणजे जिना नको. गाडीची पुढची सीट मी पार मागे सरकवली. मग वाटलं, तुला पाय आडवा ठेवायला मागचीच जागा बरी. म्हणून मागे दोन उशा ठेवल्यात. त्यातली चपटी टाचेखालची.

तुझा,
बाबा