हातमोज्यांनी सुई अडत नाही

संपादक महोदय,

कचरावेचकांना हातमोजे वाटल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. वाटणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ‘आता सुया-काचांपासून संरक्षण’ हे वाक्य चुकीचं आहे आणि ते दुरुस्त व्हायला हवं.

सुती किंवा पातळ रबरी मोज्यातून इन्शुलिनची सुई आरपार जाते. जाड मोजे घातले तर काम अडतं, कारण प्लास्टिक बोटांनीच ओळखावं लागतं. पिशवी मऊ की कुरकुरीत, यावरून ती कोणत्या ढिगात टाकायची ते ठरतं. त्यात ओल्या कचऱ्यात मोजे आतून भिजतात, बोटांच्या बेचक्या चिघळतात. मग तासाभरात मोजे उतरले तर दोष कोणाला द्यायचा?

सुई टोचते ती गाठ मारलेली काळी पिशवी उघडताना. आतलं दिसत नाही, गाठ सुटत नाही, म्हणून पिशवी बोटांनी फाडली जाते. टोक वाकवलेली लोखंडी सळई आणि जाड तळव्याचे बूट इथे मोज्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. त्याहीआधी हिपॅटायटिस-बी या यकृताला बाधणाऱ्या विषाणूविरुद्धची लस द्या: 3 डोस, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यानंतर 6 महिन्यांनी. हा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकतो. लस न घेतलेल्यांना बाधित रुग्णाची सुई टोचली, तर 100 पैकी 6 ते 30 जणांना लागण होऊ शकते. धनुर्वाताचं इंजेक्शनही सोबतच द्यावं.

टोचलंच तर बोट तोंडात घालू नये, पिळूही नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, 72 तासांच्या आत सुरू व्हायलाच हव्यात.

घरी सुया वापरणाऱ्यांना कळकळीची विनंती: पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सुया भरू नका. नेमकी तीच बाटली सगळ्यात आधी उचलली जाते आणि पोत्यात जागा व्हावी म्हणून पायाखाली चेपली जाते. सुया थेट चपलेतून तळव्यात घुसतात. फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड बाटली घ्या. पाऊण भरली की झाकण आवळा, वरून चिकटपट्टी लावा, ‘सुया’ असं ठळक लिहा आणि वेगळी हातात द्या.

आणखी एक. बातमीसोबतच्या छायाचित्रात ढिगावर बसलेल्या लहान मुलीचा चेहरा स्पष्ट ओळखू येतो. तो छापायला नको होता.

आपली,
एक नियमित वाचक