जे उडतं तेच बाटलीत येतं

कुडाळ,
ता. १६ नोव्हेंबर

प्रिय दिग्या,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो पाहिला. जावयाने दिवाळीला चांगली मखमलीची पेटी दिली आहे रे! लवंग, दालचिनी, वेलची, मिरी, आलं, हळद, जायफळ, ओवा, आठ सुगंधी तेलांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. खाली तुझा प्रश्न, "यातलं कुठलं कशाला लावू?" फोनवर सांगितलं असतं, पण तू निम्मं ऐकतोस आणि उरलेलं मनचं घालतोस. म्हणून पत्र लिहितोय. आधी उठ आणि ती पेटी नातवाचा हात पोचणार नाही अशा वरच्या कपाटात ठेव. मग चष्मा लावून पुढचं वाच.

फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं काढली, त्यात दरवर्षी एक प्रयोग न चुकता व्हायचा. पन्नास ग्रॅम लवंगा भरड कुटायच्या, फ्लास्कमध्ये पाणी घालून उकळायच्या आणि वाफ थंड करून खाली काचेच्या नळीत पकडायची. त्या उपकरणाला क्लेव्हेंजर म्हणतात. त्याचे दोन प्रकार असतात, एक पाण्यावर तरंगणाऱ्या तेलांसाठी आणि दुसरा बुडणाऱ्या तेलांसाठी. बहुतेक सुगंधी तेलं तरंगतात. लवंगेचं मात्र जड. फिकट पिवळे थेंब पाण्यातून सावकाश तळाशी उतरताना दिसले की पोरं गप्प होऊन बघत बसायची. तीन-चार तासांनी सात-आठ मिली तेल जमायचं आणि फ्लास्कमध्ये वास गेलेला काळा चोथा उरायचा.

तुझ्या पेटीचं सगळं मर्म त्या चोथ्यात आहे. वाफेबरोबर जे उडतं तेच तेलात येतं, बाकीचं मागे राहतं. मिरीचा तिखटपणा पायपरीनचा, आणि ते उडत नाही. म्हणून मिरीच्या तेलाला वास अस्सल मिरीचा, पण तिखटपणा नाही. हळदीचं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं द्रव्य, तेही चोथ्यातच राहतं. हळदीच्या बाटलीवर 'कर्क्युमिनयुक्त' असं छापलं असेल तर ते वाफेने काढलेलं तेल नाही, नाहीतर छापणाऱ्याला काही कळत नाही. गुडघ्याला हळद लावायची असेल तर वहिनींच्या डब्यातली घे, ती बाटलीपेक्षा खरी.

आता दुसरी बाजू. जे उडतं ते किती दाटून येतं बघ. लवंगेत तेलाचं प्रमाण साधारण १५ ते २० टक्के. म्हणजे १५ मिलीच्या बाटलीला ८०-१०० ग्रॅम लवंगा लागतात. मसालेभातात आपण टाकतो चार-पाच! लवंग आजीच्या काळापासून चालत आली म्हणून तिचं तेलही तितकंच गरीब, असं धरून चालू नकोस.

हे मी तुला सांगतोय खरा, पण मी स्वतः काय केलं होतं ऐक. एका गणपतीत माझी दाढ ठणकायला लागली. सगळे दवाखाने बंद, घरात पाहुणे, आणि माझ्याकडे लॅबमधलं लवंग तेल. 'आपल्याला कळतं सगळं' या तोऱ्यात मी कापसाचा बोळा तेलात भिजवून दाढेपाशी दाबला. मिनिटभरात बधिर झालं, स्वर्गच. बोळा तसाच ठेवून झोपलो. सकाळी आरशात पाहिलं तर त्या जागची हिरडी पांढरी पडलेली, बोट लावलं तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी निघून आली. पुढचे चार दिवस मोदक समोर आणि मी पेज पितोय. दंतवैद्य हसून म्हणाले, "आम्हीही हेच युजेनॉल, म्हणजे लवंग तेलाचा मुख्य घटक, वापरतो, पण झिंक ऑक्साइडच्या पुडीत कालवून, आणि ते दाताच्या खड्ड्यात भरतो. हिरडीवर ओतत नाही." तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. चमचाभर खोबरेल, त्यात लवंग तेलाचा एक थेंब, कान कोरायच्या काडीने फक्त दाताला लावायचं, लाळ थुंकायची, आणि दवाखाना उघडला की गाठायचा. गिळायचं नाही. स्टेंट घातल्यापासून तू रक्त पातळ करणारी गोळी घेतोस आणि युजेनॉलही रक्त गोठण्यात अडथळा आणतं, म्हणून तुला हे दोनदा सांगतोय.

लवंगेपेक्षा दालचिनी वांड. फोटो मोठा करून तुझ्या बाटलीवरचं लेबल वाचलं. 'दालचिनी तेल, १०० टक्के शुद्ध', बस. कुठल्या झाडाचं? सालीचं की पानाचं? माझ्या परड्यात दालचिनीची तीन झाडं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जात. गेल्या खेपेला आलास तेव्हा मी तुला पान चुरगळून हुंगायला दिलं होतं आणि तू म्हणालास, "ही तर लवंग!" बरोबरच होतं. पानाच्या तेलात मुख्य घटक युजेनॉल, लवंगेचाच. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, आणि ते कातडीचं वैरी. सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्यांनी त्वचेसाठी सालीच्या तेलाची मर्यादा ०.०७ टक्के घातली आहे, म्हणजे १०० मिली खोबरेलात जेमतेम दीड थेंब. लवंगेला तीच मर्यादा अर्धा टक्का, दहा थेंब. दीड थेंब कोण मोजत बसणार? म्हणून घरात सालीचं तेल अंगाला लावायचंच नाही, हा सोपा नियम. त्याची ॲलर्जी एकदा शरीराने धरली की पुढे दालचिनीच्या चवीच्या टूथपेस्टनेही तोंड येतं.

विकत घ्यायचंच असेल तर लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं (लवंगेसाठी सायझिजियम ॲरोमॅटिकम, श्रीलंकेच्या दालचिनीसाठी सिनॅमोमम व्हेरम), कुठल्या भागाचं तेल ते हवं, कसं काढलं ते हवं, बॅच आणि तारीख हवी. बाटली गडद काचेची आणि तोंडाशी थेंब पाडणारी बारीक चकती. रबरी ड्रॉपरवाली बाटली परत कर. लवंग तेलाने ते रबर फुगून चिकट झालेलं मी लॅबमध्ये कितीदा फेकलंय. 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर ती निव्वळ वासाची वस्तू, औषधाची नव्हे. आणि आठही तेलं एकाच किमतीत मिळत असतील तर माझा विश्वास तिथेच उडतो. वेलची आणि ओवा यांच्या भावात केवढं अंतर, ते कुडाळच्या बाजारात कुणीही सांगेल.

घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात पाणी घे, लवंग तेलाचा एक थेंब टाक आणि काडीने ढवळ. तेल तळाशी बसायला हवं. वरच तवंग धरून राहिलं तर त्यात हलकं तेल मिसळलंय. मग टिपकागदावर एक थेंब टाकून काही दिवस ठेव, वडा ठेवल्यासारखा तेलकट डाग राहिला तर खायच्या तेलाची भेसळ. पण पास झालं म्हणजे शुद्ध, असंही नाही. लवंगेच्या कळीचं सांगून स्वस्तातलं पानाचं तेल दिलं तर तेही बुडतंच.

खोलीत तेलाचा वास पसरवणाऱ्या डिफ्यूझरचं विचारलंस. पाण्यात तीन-चार थेंब, खिडकी किलकिली, वीस मिनिटं, मग बंद. रात्रभर चालू ठेवायचा नाही. वहिनींना दम्याचा त्रास, तेव्हा त्या घरात असताना नकोच. तुमच्या मनीलाही त्या खोलीत ठेवू नकोस, मांजराच्या यकृताला असली तेलं पचवता येत नाहीत. आणि समईत किंवा पणतीत थेंब टाकून 'सुवास दरवळतो' म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, ही तेलं पेट घेतात.

खाण्यात घालायचा मोह मलाही झाला होता. वेलचीच्या तेलाचे दोन थेंब बासुंदीत टाकले. तेल साईवरच तरंगत राहिलं आणि पहिल्या वाटीला सगळं आलं. ती वाटी नेमकी व्याह्यांना गेली. घास घेऊन ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "निलगिरी घातलीय का?" त्यांचं चुकलं नव्हतं, सिनिओल नावाचं वासाचं द्रव्य दोन्हींत असतं. हिने पुढचे दोन महिने मला स्वयंपाकघरात घेतलं नाही.

आता नातवाचं, हे नीट वाच. दोन वर्षांच्या मुलाने ५ ते १० मिली लवंग तेल पिऊन त्याला झटके आले, तो बेशुद्ध झाला, यकृताला इजा झाली, अशी नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. ५ ते १० मिली म्हणजे १५ मिलीची एक बाटलीसुद्धा नाही. पोराच्या पोटात गेलंच तर ओकारी काढायला लावायचं नाही, तेल फुप्फुसात उतरू शकतं. बाटली हातात घेऊन सरळ हॉस्पिटल. अंगावर सांडलं तर नुसत्या पाण्याने निघत नाही, आधी खोबरेलाने पुसायचं, मग साबण. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर.

त्याच्या सर्दीला तू अमृतधारा हुंगवतोस म्हणे. आपल्या आईंच्या काळातली ती बाटली मलाही प्यारी आहे. पुदिन्याचं फूल (मेंथॉल), ओव्याचं फूल (थायमॉल) आणि भीमसेनी कापूर, तिन्ही कोरडे खडे, समभाग एकत्र केले की बघता बघता पाणी होतात. लहानपणी मला ती जादूच वाटायची. आई बत्ताशावर दोन थेंब टाकून आबांना द्यायची. पण ते थोरांचं औषध. कापूर पोटात गेला की लहान पोरांना झटके येतात, आणि नाकाशी धरला तरी श्वास अडखळू शकतो. अमेरिकेत मलमातल्या कापरावरही १९८३ पासून ११ टक्क्यांची मर्यादा आहे. नातवाला तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी पुष्कळ झाली, तीही उशापासून लांब. निलगिरीही त्याच्यासाठी नको.

तेव्हा लवंग दातासाठी ठेव, वेलची डिफ्यूझरला चालेल, ओवा मला दे. मिरी, आलं, जायफळ नुसती हुंग. दालचिनीचं बूच उघडू नकोस. डिसेंबरात येशील तेव्हा पेटी घेऊन ये, तिन्हीसांजेला ओट्यावर पाण्याचा पेला घेऊन बसू आणि तुझ्या जावयाची लवंग बुडते की तरंगते ते बघू. तरंगली तर त्याला कळवू नकोस, बिचारा हौसेने देतो.

वहिनींना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
अव्या

ता. क. दाढ अजून दुखतेय असं तू फोनवर पुटपुटला होतास. पुढच्या पत्रात दंतवैद्याची तारीख लिही.