काका, तुमचे आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही हात झटकून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

भाड्याने देण्यासाठी पहिलं घर विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा सगळे भाव किती वाढतील यावर बोलत होते. तुम्ही एकटेच म्हणालात, “आधी हातात काय उरतं ते बघू.” घराची किंमत 100 आणि वर्षाचं भाडं 6 धरलंत. एक महिना घर रिकामं राहिलं, की उरले साडेपाच. देखभाल, कर, विमा, रंगकाम मिळून दीड गेलं, राहिले 4. मग विचारलंत, “80 कर्ज काढलंस आणि व्याजदर 8 टक्के असला, तर पहिल्या वर्षाचं व्याजच किती?” जवळजवळ 6.4. म्हणजे भाडेकरू घरात असूनही दरमहा पदरचे घालायचे! कर्ज 40 वर आणून मुदत वीस वर्षं ठेवली, तेव्हा कुठे वर्षाचे हप्ते जवळजवळ त्या 4 एवढे झाले. डाउन पेमेंट साठेपर्यंत मी थांबले ती त्या कागदामुळे. आजही कुठलंही घर बघायला जाण्याआधी मी हेच गणित मांडते.

चांगला भाडेकरू टिकवायला भाडं थोडं कमी करावं, हे तुमचं म्हणणं मला आधी भाबडं वाटलं होतं, खरं सांगते. पण वेळेवर भाडं देणाऱ्या, घर नीट ठेवणाऱ्या माणसासाठी भाडं 5 टक्के कमी केलं, तरी ते महिनाभर कुलूप लावून ठेवण्यापेक्षा स्वस्तच पडतं. रिकामा महिना वर्षाच्या भाड्यातले आठ टक्क्यांहून जास्त खातो. करारनामा, डिपॉझिटची पावती, ताबा देतानाचे फोटो ही शिस्तही तुमचीच.

दुसऱ्या घराच्या वेळी तुम्ही चक्क अडवलंत. पहिल्याची किंमत वाढली होती, त्यावर कर्ज मिळत होतं. “दोन्ही घरं एकाच दोराला बांधू नकोस,” म्हणालात. सहा महिन्यांचे हप्ते आणि दुरुस्तीचे पैसे वेगळ्या खात्यात साठल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं बजावलंत. तेव्हा राग आला होता. पुढे व्याजदर चढले, त्याच काळात एक घर रिकामं झालं, आणि हप्ते त्या खात्यातून गेले. माझी झोप उडाली नाही.

यासाठी तुम्ही कधी काही घेतलं नाहीत, उलट प्रत्येक वेळी माझाच कागद तपासायला वेळ काढलात. मनापासून आभार.

तिसऱ्या घराचा हिशोब सोबत जोडला आहे. दुरुस्तीचा आकडा तुम्हाला कमीच वाटणार, हे धरून चालले आहे.

तुमची पुतणी