बाई, कुर्ली प्रत्येक पानावर आहे

ती. बाईंना,
शि. सा. नमस्कार.

परवा प्रकाशकांचा होकार आला. 32 पानांचं पुस्तक, चित्रं सगळी माझी. फोनवर मला रडू आलं असतं आणि सांगायचं ते राहून गेलं असतं, म्हणून लिहायला बसले. चारचौघांत लिहिते आहे, कारण तुमचे उपकार चारचौघांना कळायला हवेत.

दोन वर्षांपूर्वी, भर पावसात तुमच्या डिचोलीच्या घरी आले तेव्हा एका ठिकाणाहून चित्रं परत आली होती. 'मुलगी दर पानावर वेगळी दिसते' एवढंच त्यांनी कळवलं होतं. तुम्ही चहा ठेवलात, एकेक पान पाहिलंत आणि म्हणालात, "खरं तेच सांगितलंय गो त्यांनी. इथे कपाळ मोठं, पुढच्या पानावर कानच नाहीत." मग नवी वही हातात दिलीत. "एकच पोरगी काढ. पाठमोरी, रुसलेली, आदोळीवर बसून खोबरं खवणारी. वही भरेपर्यंत." वही भरली तेव्हा तिच्या दोन वेण्या आणि घसरलेला डावा मोजा मला डोळे मिटूनही काढता येऊ लागले होते.

रंगांचंही तसंच. पेटीतले सगळे रंग मी एकाच पानावर ओतायची. तुम्ही जुन्या देवळातली कावी दाखवायला नेलंत: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो ओला असतानाच खरवडून काढलेली वेलबुट्टी. रंग दोनच, तरी भिंत कशी भरलेली! त्यानंतर मी कागद कोरा सोडायला शिकले.

पण मला खरा धीर आला तो तुमच्या दुसरीच्या वर्गात. पुस्तकाची दोऱ्याने शिवलेली डमी, म्हणजे नमुना प्रत, तुम्ही वाचत होता, मला मागे बसवलं होतंत. "पुस्तकाकडे नको, पोरांच्या डोळ्यांकडे बघ." पाचव्या पानावर दोघं जांभया देऊ लागले. एका मुलीने मधल्या घडीकडे बोट दाखवलं, "बाई, तिचें नाक मोडलां!" मी चेहरा नेमका घडीवर काढला होता. आणि मग सहावं पान. कोपरा रिकामा दिसतो म्हणून तिथे मी एक खेकडा काढला होता, आपली कुर्ली. सगळा वर्ग पुढे सरकला. "कुर्ली! कुर्ली!" पान उलटलं आणि सगळे एका सुरात, "कुर्ली खंय गेली?"

पुढच्या पानावर कुर्ली नव्हतीच.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी पहिल्यापासून पुन्हा काढायला घेतलं. माझ्या हातून झालेली एखादी गोष्ट शोधायला इतकी मुलं धडपडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. 'छान काढतेस' असं आजवर कितीतरी जणांनी म्हटलं, पण त्याने हात कधी असा चालला नव्हता.

ती मुलं आता चौथीत असतील. पहिली प्रत आली की त्यांना एकदा दुसरीच्या वर्गात बोलवाल का? तुम्ही वाचा. मी मागे बसेन.

तुमची,
कुर्लीवाली